समोरच्या खोलीतला पसारा

आमच्या घरात अंथरूण घालण्याआधी जागा करावी लागे. म्हणजे समोरच्या खोलीतली पोती एकावर एक चढवायची, सायकलचे टायर खुंटीला अडकवायचे, कंदिलांची रांग भिंतीकडे सरकवायची, छत्र्यांचा भारा कोपऱ्यात उभा करायचा, आणि मग सतरंजीएवढी जी जमीन दिसेल तिच्यावर मी आणि माझी धाकटी बहीण कुंदा पाय दुमडून झोपायचो. पाय लांब केला की काहीतरी वाजायचं. कधी डबा, कधी स्टोव्हचा सुटा बर्नर, कधी कशाचं झाकण. सकाळी उठलं की हे सगळं उलट करायचं, कारण दिवसा त्याच जागेतून आतल्या खोलीत जावं लागे. माझ्या वयाच्या मुलींना सकाळी उठल्यावर काय आठवत असेल ते मला माहीत नाही. मला पहिली आठवण पोत्यांची यायची.

भंडाऱ्यात पितळेची भांडी ठोकणाऱ्यांच्या गल्लीमागे आमचं भाड्याचं घर होतं. दोन खोल्या, वर कवेलूंचं छप्पर, समोर रस्त्याकडे उघडी छपरी. उजाडलं की ठोकणं सुरू व्हायचं. एकाची हातोडी, मग दुसऱ्याची, मग सगळ्यांची. दुपारी कारागीर जेवायला उठले की एकदम सगळं थांबायचं, आणि त्या शांततेत आमच्या चुलीवरच्या भाताचा रटरट आवाज ऐकू यायचा. माय लाखोरीच्या वरणाला लसणाची फोडणी द्यायची, तव्यावर सुके झिंगे भाजायची, आणि तो वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. तिच्या हाताला चव होती हे गल्लीतले सगळे म्हणायचे. माझे वडील म्हणायचे नाहीत, पण ते ताटात एक शीतही ठेवायचे नाहीत.

बाबा भांडी विकायचे. दुकान त्यांचं नव्हतं, शेटजींचं होतं. बाबा शेटजींची नवी भांडी सायकलला बांधून पवनीकडच्या, लाखांदूरकडच्या गावांमध्ये फेरी मारायचे. गावातल्या बाया फुटकं, चेपलं पितळ द्यायच्या, वर काही पैसे घालायच्या आणि पाण्याचा नवा गुंड किंवा भात शिजवायचा गंज घ्यायच्या. या जुन्या पितळेला मोड म्हणत. ती मोड शेटजींकडे जायची. पण बाबांच्या सायकलवर मोडीशिवायही पुष्कळ काही यायचं. काच फुटलेला कंदील, काड्या निखळलेली छत्री, काटे नसलेलं घड्याळ, पंप न चालणारा स्टोव्ह, तारेने बांधलेलं काहीतरी जड पोतं. ते सगळं शेटजींकडे न जाता आमच्या समोरच्या खोलीत यायचं. मायने किंवा मी विचारलं, हे काय, तर बाबांचं उत्तर ठरलेलं होतं. "राहू दे ना वं, कामाचं आहे."

कामाचं म्हणजे कधीतरी उपयोगी पडेल असं, एवढाच अर्थ आम्ही घेत होतो. दुसरा अर्थ असू शकतो हे आमच्या डोक्यातच आलं नाही, आणि बाबा तर कधी दुसरं वाक्य बोलायचेच नाहीत. ते तापट असते तर बरं झालं असतं असं मला तेव्हा फार वाटायचं. शेजारच्या घरांत बाप ओरडायचे, भांडी फेकायचे, पण निदान प्रश्नाला उत्तर मिळायचं. आमचे बाबा मऊ होते. त्यांच्याकडून होकार मिळायचा, काम मिळायचं नाही. कवेलू गळतात, "करू ना." कुंदाच्या शाळेत जाऊन या, "जाईन ना." ही पोती हलवा, "हलवू ना." त्या "ना"वर माझं सगळं बालपण टांगलेलं होतं.

मॅट्रिकच्या वर्षी मी स्वतः हात घातला. मला अभ्यासाला बसायला एक कोपरा हवा होता, बस. खिडकीखालचा. मी रविवारभर खपले. डब्यांत डबे घातले, टायर एकात एक बसवले, बाटल्या पोत्यात भरल्या, कोपरा शेणाने सारवला आणि तिथे माझी पुस्तकं ओळीने लावली. संध्याकाळी बाबा फेरीवरून आले. त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं, त्यांचा चेहरा खुलला, आणि हातातली मोडकी कढई व दोन कंदील त्यांनी अगदी जपून माझ्या पुस्तकांशेजारी ठेवले. रिकामी जागा दिसली की ती आपल्यासाठीच केली आहे असं त्यांना वाटायचं. मी रागाने पुस्तकं उचलली आणि छपरीत जाऊन बसले. त्यांना कळलंही नाही. "अंधारात कायले बसली वं?" असं त्यांनी विचारलं, आणि एक कंदील पुढे केला. तो पेटत नव्हता.

आता माझी सून मला तिच्या मोबाइलवर घर आवरण्याचे व्हिडिओ दाखवते. त्यात एक बाई कपड्यांच्या उभ्या घड्या करून खणात ठेवते आणि हसते. ज्या वस्तूने आनंद होत नाही ती टाकून द्या, असं ती सांगते. मी सुनेला म्हटलं, या बाईच्या घरात खण आहेत. खण भरायला कपडे आहेत. आणि टाकू नको म्हणणारं माणूस तिच्या घरात कोणी दिसत नाही. सून हसली. मी हसण्यासाठी बोलले नव्हते.

पोळा होऊन गेल्यावर एक दिवस शेजारच्या काशीकाकू मायकडे आल्या. आयटीआयमध्ये शिकायला बाहेरगावची पोरं होती, ती हॉटेलात जेवून आजारी पडत होती. त्यांना घरचं जेवण हवं होतं. काकूंनी मायचं नाव सांगून टाकलं होतं. "तुहं काय जाते?" काकू म्हणाल्या. "दुपारच्या वक्ताले भात, वरन, एक भाजी. पोरं समोरच्या खोलीत बसतीन अन् जेवून जातीन." मायने समोरच्या खोलीकडे पाहिलं. काकूंनीही पाहिलं.

त्या दिवशी बाबा जेवत असताना मायने विषय काढला. ती इतकं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. तांदूळ कुठून आणायचा, कोणत्या दिवशी कोणती भाजी, अंबाडी केव्हा, वांगी केव्हा, पोरांना बसायला काय घालायचं, सगळं तिने मनात मांडून ठेवलं होतं. शेवटी ती म्हणाली, "फक्त तेवढी समोरची खोली मोकळी करून द्या."

बाबांनी भात कालवत मान हलवली. "चांगलं आहे. करू ना."

माय इतकी खूश झाली की तिने त्यांना न विचारता आणखी वरण वाढलं. मी मात्र भिंतीला टेकून बसले होते आणि मला आतून हसू येत होतं, वाईट हसू. मला ते "ना" ऐकू आलं होतं.

दिवस गेले. बाबांनी एकदा खरंच खोली आवरायला घेतली. म्हणजे दारापाशी असलेली पोती त्यांनी खिडकीपाशी नेली आणि खिडकीपाशी असलेली दारापाशी आणली. मध्ये घाम पुसत उभे राहिले, चहा मागितला, आणि "बाकी पुढच्या आठवड्यात" म्हणून फेरीवर गेले. माय रोज विचारायची, मग दिवसाआड, मग विचारणं बंद झालं. ती चुलीपुढे बसून राखेत काडीने रेघा ओढायची. काशीकाकूंनी येऊन सांगितलं की पोरं आता दुसरीकडे विचारून राहिली. माय "बरं" म्हणाली. ते "बरं" मला सहन झालं नाही.

"माय, आपनच करू," मी म्हटलं. "बाबा लाखांदूरकडे गेले की. त्यायले विचारत बसलो तं पोरं शिकून नोकरीले लागतीन."

मायने हातातली काडी चुलीत सारली. मग म्हणाली, "लांबच्या फेरीवर जाऊ दे."

बाबा लांबच्या फेरीवर गेले. सायकल एसटीच्या टपावर चढवून त्यांना निरोप दिला, आणि घरी येऊन मायने पदर खोचला. मला वाटलं होतं की आता सगळं सोपं होईल, कारण अडथळा तर एसटीत बसून गेला. पण खरा वैताग तिथून सुरू झाला. मी एक वस्तू उचलून बाहेर ठेवायची आणि माय ती उचलून आत आणायची. हा डबा पिठाला होईल. ही दोरी चांगली आहे. या बाटलीत तेल राहील. "माय, तू बी तशीच करून राहिली!" मी ओरडले. तिने बाटली छातीशी धरली आणि मला म्हणाली, "तुले काय समजते? बाटली विकत आनतो म्हनलं तं कोन देते?" आम्ही दोघी भांडलो, कुंदा रडायला लागली, काशीकाकू छपरीत येऊन बघून गेल्या. दुपारपर्यंत खोली होती त्याहून जास्त भरलेली दिसत होती, कारण पोत्यातलं सगळं बाहेर आलं होतं.

शेवटी आमचा एक समेट झाला. जे आजच्या आज कामाला लागेल ते मायचं, बाकीचं भंगारात. मग मायचे हात चालायला लागले आणि मी बघत राहिले. खोक्याच्या फळ्या विटांवर टेकवून तिने डब्यांसाठी मांडणी केली. डालड्याचे गंजलेले डबे राखेने घासून असे काढले की त्यांच्यात तोंड दिसावं. पोती उसवून, दोन पदरी शिवून, पोरांना बसायला लांब पट्ट्या केल्या. सायकलच्या ट्यूबच्या चकत्या कापून त्या डब्यांच्या झाकणांना लावल्या, म्हणजे मुंग्या शिरू नयेत. एक छत्री पार गेलेली होती, तिच्या काड्या वाकवून भिंतीत ठोकल्या आणि त्यांना पळ्या, झारे टांगले. जुन्या लुगड्याचा पडदा आतल्या दाराला लागला. भिंतींना पांढऱ्या मातीचा हात फिरला. आमच्या घरात एकही वस्तू विकत आली नाही आणि घर मात्र दुसऱ्याच कोणाचं तरी वाटायला लागलं.

बाकीचं सगळं बाबूलाल भंगारवाल्याने हातगाडीवर चढवलं. कंदील, छत्र्या, स्टोव्ह, घड्याळ, आणि सगळ्यांच्या खाली सापडलेलं ते तारेने बांधलेलं जड पोतं. ते त्याने हलवून पाहिलं, "लोखंड आहे" म्हणाला आणि न सोडताच गाडीवर टाकलं. मायने त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत. त्याच्याकडे अॅल्युमिनियमचा एक मोठा, थोडे पोचे पडलेला गंज होता, खानावळीत असतो तसा. मायने तो मागून घेतला. गाडी गेल्यावर ती रिकाम्या खोलीत मधोमध बसली आणि कुंदाला म्हणाली, "बोल वं काई." कुंदा बोलली, आणि खोलीत आवाज घुमला. माय हसायला लागली. तिला असं मोठ्याने हसताना मी त्यानंतरही फार वेळा पाहिलं नाही.

पोरं आली. पट्ट्यांवर मांडी घालून बसली, आणि भात उपसता उपसता मायच्या कपाळावरून घाम वाहत होता. पोरं "मावशी, अजून" म्हणायची. तिने गंजाच्या बुडाला लागलेलं शीत न शीत वाढलं. ती आतल्या दारात उभी राहून पोरांची तोंडं पाहत होती आणि मी तिचं पाहत होते.

आणि तशाच एका दुपारी, पंगत बसलेली असताना, बाबा परत आले. ठरल्याच्या आधीच आले. दारात सायकल धरून उभे राहिले. हँडलला एक कंदील टांगला होता. त्यांनी पोरांकडे पाहिलं, मांडणीकडे पाहिलं, भिंतीतल्या छत्रीच्या काड्यांकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"इथलं सामान कोठी गेलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"बाबूलालले देल्लं," माय म्हणाली. तिचा आवाज कडक होता. भांडणाची तिने पूर्ण तयारी केलेली होती, मला दिसत होतं.

बाबा उंबरठ्यावर खाली बसले. "ते आपलं नव्हतं," ते म्हणाले. "ते लोकायचं होतं."

पोरांचे हात थांबले. बाबा खाली मान घालून बोलत राहिले आणि तेव्हा ते सगळं बाहेर आलं. गावांमध्ये दुरुस्तीची सोय नव्हती. भांडेवाले भाऊ भंडाऱ्याला राहतात, म्हणून बाया त्यांच्याकडे बिघडलेली वस्तू द्यायच्या, दुरुस्त करून आणा म्हणायच्या. बाबा घ्यायचे. भंडाऱ्यात आल्यावर शेटजींचं काम, मोडीचा हिशेब, परत फेरी. दुरुस्तीला न्यायला वेळ मिळायचा नाही, आणि पुढच्या फेरीत बाई विचारायची तेव्हा ते म्हणायचे, "होईन ना." मग दुसरी बाई दुसरं काही द्यायची. ती छत्री कोणाची, तो कंदील कोणाचा, सगळं त्यांना पाठ होतं. कामाचं म्हणजे काम करायचं राहिलेलं.

माय पंगतीतून पुढे आली. "मंग आमाले काहून नाही सांगतलं?" तिने विचारलं. मला मात्र ओरडावंसं वाटत होतं. इतकी वर्षं आम्ही पाय दुमडून झोपलो ते आमच्या नाही, लोकांच्या पसाऱ्यात. आणि सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

बाबा बाबूलालकडे गेले आणि थोड्या वेळाने परत आले. तो सामान द्यायला तयार होता, पण त्याला त्याचा गंज हवा होता. गंजात तेव्हा दुसऱ्या पंगतीचा भात होता. मायने तो भात परातीत उपसला, गंज राखेने घासला, पालथा करून पाणी निथळू दिलं आणि बाबांच्या हातात ठेवला. मग ती आतल्या खोलीत गेली आणि लुगड्याचा पडदा ओढून घेतला. राहिलेल्या पोरांना त्या दिवशी मी वाढलं.

हातगाडी संध्याकाळी परत आली. बाबा सामान आत आणायला लागले तशी माय दारात उभी राहिली. तिने दोन्ही हात चौकटीला लावले होते.

"घरात नाई येनार," ती म्हणाली.

"मंग कोठी ठेवू वं?"

"ज्याचं त्याच्या घरी. वापस करा."

"दुरुस्त नाई झाल्या ना अजून."

"तशाच द्या. अन् निर्मला येईन तुमच्यासंगं." माझं नाव तिने एखाद्या कुलपासारखं घेतलं. तिचा त्यांच्यावर विश्वास नव्हता, आणि माझी परीक्षा आहे हे त्या क्षणी कोणालाही आठवलं नाही. आठवण करून देऊन उपयोग नव्हता.

मग बाबा गाडीच्या दांड्याला धरून म्हणाले, "सगळं भेटलं. फक्त ते पोतं गेलं. सकाळच्या ट्रकमंदी नागपूरले गेलं." गाडीवरचा कंदील सरळ करत ते म्हणाले, "त्याच्यात आसगावच्या यमुनाबाईच्या शिलाई मशीनचं मुंडकं होतं."

आम्ही पवनीपर्यंत एसटीने गेलो. टपावर सायकल आणि बोचकी. तिथून बाबा सायकल हातात धरून आणि मी मागून बोचकी सावरत. धान कापून झालं होतं, बांध्यांमध्ये पेंढ्यांचे उंच पुंजणे लागलेले होते, आणि वाटेने वाळल्या तणसाचा वास येत होता. इतर वेळी मला ते आवडलं असतं. माझ्या डोक्यात फक्त भूमितीची प्रमेयं आणि राग होता.

गावांमध्ये जे झालं त्याने राग आणखी वाढला. एका बाईने कंदील ओळखलाच नाही. "आमचा नाई जी हा." बाबा म्हणत होते तुमचाच आहे, ती म्हणत होती नाही, आणि मी मध्ये कंदील धरून उभी. एका म्हाताऱ्याने नवी छत्री घेतली होती. "आता हे कायले आनलं? ठेवा तुमच्याकडे." मी म्हटलं, "आजोबा, घ्याच." त्याने घेतली आणि आमच्या हातात एक भलामोठा कोहळा दिला, तो आम्हाला उरलेल्या वाटभर वाहावा लागला. एका बाईने स्टोव्ह हातात घेतला, हलवून पाहिला आणि बाबांना म्हणाली, "जसा नेला तसाच आनला? मंग नेला कायले होता?" बाबा हात जोडून उभे राहिले. त्यांची ती उभी राहण्याची पद्धत पाहून मला त्यांची कीव यावी की चीड, हे माझं मला ठरवता येत नव्हतं.

यमुनाबाई अंगणात धान पाखडत होती. वयाने मायएवढीच, कपाळ मोकळं. बाबांना पाहून तिने सूप खाली ठेवलं आणि पदराने हात पुसले. "झाली का जी मशीन?" तिने इतक्या उत्सुकतेने विचारलं की मी दुसरीकडे पाहायला लागले.

बाबांनी तोंड उघडलं. "पुढच्या फे..." एवढं त्यांच्या तोंडून निघालं आणि ते थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मदत केली नाही. मग ते म्हणाले, "गेली, बाई. मशीन गेली. भंगारात गेली. आता भेटत नाई."

तिला आधी कळलंच नाही. तिने दोनदा विचारलं. कळल्यावर ती खाली बसली आणि सुपातले दाणे बोटांनी इकडून तिकडे करत राहिली.

"जमत नव्हतं तं नाई म्हनाचं होतं," ती म्हणाली. "मी पवनीले नेली असती. डोक्यावर नेली असती. तुमी दर फेरीले म्हनत राहिले, होईन, होईन. मी लोकायच्या धानाच्या रोवन्याले जाऊन राहिली, मशीन येईन म्हनून दिवस काढून राहिली. एक नाई म्हनाले काय लागत होतं, भाऊ?"

बाबा म्हणाले, "दुसरी आनून देतो."

"आता बोलू नका," ती म्हणाली, सूप उचललं आणि घरात गेली. आम्ही अंगणात उभे राहिलो. ती परत बाहेर आली नाही. तिने पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि त्या भागात दारी आलेल्याला पाणी न विचारणं म्हणजे काय ते बाबांना चांगलं समजत होतं.

गावाबाहेर निघता निघता शेवटच्या घरातून एका म्हातारीने हाक मारली. ती ओट्यावरून एक स्टोव्ह घेऊन लगबगीने खाली उतरली. "भांडेवाले भाऊ, बरे भेटले. हा पेटत नाई जी. भंडाऱ्यात दाखवजा, पुढच्या फेरीले आनजा."

बाबांचा हात आपोआप पुढे गेला. मी पाहत होते. बोटं स्टोव्हला लागलीसुद्धा. मग त्यांनी हात मागे घेतला आणि सायकलच्या हँडलवर ठेवला, दोन्ही हात ठेवले, घट्ट.

"नाई जमनार, काकू," ते म्हणाले.

"काहून?"

"मी नेतो अन् ठेवून देतो. तुमी पवनीले दाखवा."

म्हातारीने त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनी तिचा अपमान केला. "एवढंसं काम," ती पुटपुटली आणि स्टोव्ह घेऊन परत ओट्यावर चढली. बाबा एसटीत बसेपर्यंत घामाने ओले झाले होते. "काकूले वाईट वाटलं असन," ते म्हणाले. थोड्या वेळाने परत म्हणाले. मी खिडकीबाहेर पाहत होते. मला वाटत होतं, इतकी वर्षं आम्हाला वाईट वाटत होतं त्याचं काय.

जे कोणी परत घेतलं नाही ते आम्ही घरी आणलं आणि मायने ते छपरीच्या पुढे येऊ दिलं नाही. गंज गेल्यामुळे ती दोन लहान गंजांत दोनदा भात शिजवायची, आणि दुसऱ्या पंगतीच्या पोरांना वाट पाहावी लागायची. यमुनाबाईला दुसरी मशीन आणून देईपर्यंत पुढचे रोवणे सुरू व्हायची वेळ आली. बाबांनी कोणाकडून तरी जुनी मशीन मिळवली आणि यावेळी ती दुरुस्तीला नेली, तिथेच बसून राहिले आणि चालते का ते पाहूनच उठले. मायच्या खानावळीतून त्याला हातभार लागला, आणि त्यावरून दोघांत जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. यमुनाबाईने मशीन घेतली. बाबांशी ती त्यानंतर कधी बोलली नाही, आणि तिच्या घरून मोडही कधी आली नाही. तिचं बरोबरच होतं.

माझा कोपरा मला मिळाला नाही. मोकळ्या खोलीत आता पोरं जेवायची, त्यांच्या उष्ट्या ताटांचा ढीग मी घासायचे, आणि अभ्यास पूर्वीसारखाच छपरीत, परत आलेल्या कंदिलांच्या शेजारी बसून. तरी मी पास झाले, बऱ्या मार्कांनी झाले. मला नागपूरला कॉलेजात जायचं होतं. शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, वसतिगृह आहे, अर्ज कर.

मी बाबांना विचारलं. ते छपरीत सायकलची साखळी पुसत होते. त्यांनी हात थांबवला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "नाई. नाई जमनार."

तोपर्यंत त्यांनी आयुष्यात मला कशालाच नाही म्हटलं नव्हतं. काहून, असं मी विचारलं, ओरडून विचारलं, आणि त्यांनी कारणं सांगितली, एकेक, खाली मान न घालता. मला ती पटली नाहीत. आजही सगळी पटत नाहीत. मी त्या दिवशी जेवले नाही, आतल्या खोलीत तोंड भिंतीकडे करून पडून राहिले आणि ज्या यमुनाबाईने त्यांना हा शब्द शिकवला तिच्यावरसुद्धा चिडले.

पण आता वाटतं, जुने बाबा असते तर त्यांनी "पाहू ना" म्हटलं असतं. मी एक वर्ष थांबले असते, मग आणखी एक, आणि माझा अर्ज कुठल्या तरी पोत्याखाली राहिला असता. तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुतलं, वेणी घातली आणि इथल्याच अध्यापक विद्यालयात चौकशी करायला निघाले. डोळे सुजलेले होते, त्यामुळे मी रस्त्याच्या कडेने चालत होते. मागून मायची हाक आली, गल्लीतल्या सगळ्या हातोड्यांच्या वरून.

"निर्मले, पोरं जेवाले यायच्या आत वापस ये वं!"